फंगांच्या युनहुआचं रडणं

तुम्हाला रडता येतं असं वाटत असेल तर तो तुमचा गैरसमज आहे. नाक वाहतं, उचकी लागते, तोंड वेडंवाकडं होतं, त्याला आमच्या खोऱ्यात रडणं म्हणत नाहीत. ते तर पोराच्या हातातली मक्याची भाकर चुलीत पडली तरी होतं. रडणं म्हणजे लग्नाआधी महिनाभर नवरीने घरात बसून, चालीवर, यमक जुळवून, स्वतःच्या ओळी रचून जे गायचं ते. आईसाठी वेगळं, बापासाठी वेगळं, भावजयीसाठी वेगळं, आणि केस विंचरताना म्हणायचं आणखी वेगळं. मी थ्येनांची लेक, गेली कित्येक वर्षं खोऱ्यातल्या मुलींना हे शिकवत आलेय. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी रडायला बसली की बायका हातातलं काम टाकून ऐकायला येतात. बढाई नाही मारत, कुणालाही विचारा.

आमच्या बोलण्यातसुद्धा हाच शब्द सगळीकडे. 'फंगांच्या मुलीने रडायला घेतलं का?' म्हणजे लग्नाची तारीख ठरली का. 'हिला छान रडता येतं' म्हणजे मुलगी हुशार, घर सांभाळेल, दोन माणसांत बोलायला कचरणार नाही. आणि 'हिला रडता येत नाही' असं एकदा कुणी म्हटलं की संपलंच. सासरची माणसं तोंडावर विचारतात, आईने काय फक्त खायलाच शिकवलं का म्हणून.

तर युनहुआची गोष्ट. फंग गुईशानची थोरली. त्या वर्षी ती भलत्याच माणसाच्या घरी जायला निघाली होती, रोज ते ओरडून सांगत होती, आणि अख्खं खोरं तिच्या रडण्याची वाहवा करत होतं. त्यात सगळ्यात पुढे मी.

नदीपलीकडच्या यांगांकडून स्थळ आलं. आणलं श्यांगबाईने. ही बाई मध्यस्थीचंच काम करायची, आणि तिची जीभ अशी की दगडालाही वाटावं आपलं लग्न राहिलंय. मुलगा बघायला आला तेव्हा मी तिथेच होते. तरतरीत, विशीतला, हसताना मान खाली घालणारा. युनहुआने चहा दिला, त्याने पेला दोन्ही हातांनी घेतला. पोरगी आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "मावशी, बरा आहे गं." मी म्हटलं, "बरा आहे तर रडायला लाग. बरा असला तरी रडायचंच असतं."

पण कसलं काय! तिला रडूच येईना. बसायची, डोळ्यांना रुमाल लावायची आणि दुसऱ्याच ओळीला फिसकन हसायची. "मावशी, 'आई, मला का टाकलंस' असं कसं म्हणू? आई तर शेजारी बसून शेंगा सोलतेय." मी चिमटे काढले, कांदा दिला, तिची मेलेली आजी आठवायला लावली. आजी आठवून तर ती आणखी हसली, म्हातारी होतीच तशी गमतीची. तिची आई रोज मला विचारायची, "थ्येनताई, हिचं काही होईल का हो?" मीही मनातून हादरले होते. माझं नाव जाणार होतं, दुसरं काय.

मग एका बाजाराच्या दिवशी ती गोधडीचे रेशमी धागे आणायला नदीकाठच्या बाजारात गेली. आमच्याकडे नवरी स्वतःच्या गोधडीची खोळ स्वतः मागावर विणते, लाल आणि काळी. तिचा लाल धागा संपला होता. ती परत आली ती चेहरा पांढराफटक करून. मी आपली रोजच्यासारखी संध्याकाळी गेले, म्हटलं बस. ती बसली आणि रडायला लागली.

अगं बाई, काय ते रडणं! माझ्या अंगावर काटा आला. आवाज खालून उचलला, वर नेला, तिथेच थरथरत ठेवला. डोळ्यांतून खरं पाणी, न थांबता. तिच्या आईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. फंग ओसरीवरून उठून दाराशी आला आणि चिलीम विझली तरी ओढतच उभा राहिला. मी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "बघितलंत? वेळ लागतो, पण माझ्या हातून गेलेलं वाया जात नाही." तेव्हापासून रोज अंगण भरायला लागलं. फंग बाकं मांडायचा, बायको आमच्याकडे करतात तसा तेलात परतलेला चहा सगळ्यांना द्यायची. दोघांची मान ताठ झाली होती.

आता मध्यस्थाला शिव्या घालण्याचा दिवस असतो, तो सांगते. ही आमची सगळ्यात गमतीची रीत. ज्या बाईने लग्न जुळवलं तिला नवरीने समोर बसवून रडत रडत शिव्या द्यायच्या. वाट्टेल त्या. तू डुकराच्या मुंडक्यासाठी मला विकलंस, तू खोटारडी, तुझी जीभ झडो. मध्यस्थाने हसत ऐकून घ्यायचं, कारण शिव्या जितक्या खरपूस तितका तिचा मान. रडण्यात बोललेलं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, हा नियमच आहे. श्यांगबाई तर नवे कपडे घालून, खास तयार होऊन यायची.

ती ऐसपैस बसली. युनहुआने सुरुवात केली ती मी शिकवलेल्याच ओळींनी.

"जिभेला तुझ्या गं मध, पोटात तुझ्या कात्री,
एक दाखवून दुसरा दिलास, हीच का तुझी खात्री?"

ही ओळ प्रत्येक नवरी म्हणते. माझ्या लग्नात मीही म्हटली होती. बायका खूश झाल्या. श्यांगबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "घाल पोरी, अजून घाल!" आणि युनहुआ तिच्याकडे सरळ बघत पुढे गेली.

"बाजारी दिसला गं मला, तेल विकणारा तोच,
शेजारी बायको त्याची, पाठीवर त्याचं पोर!"

हे काही मी शिकवलेलं नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या, काय सुचतं या पोरीला! एक म्हातारी तर रुमालाने डोळे टिपत म्हणाली, "डोळ्यांसमोर उभा राहिला गं तो तेलवाला." श्यांगबाईचं हसू तेवढं क्षणभर अडकलं. मी पाहिलं ते. पण मला वाटलं, ओळ लागली हिला, लागायलाच हवी. मी फुशारून बसले होते, मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

सगळे गेल्यावर मी युनहुआला गोठ्यामागे गाठलं. ती डुकरांसाठी रताळ्याचा पाला चिरत होती.

"नवी ओळ झकास होती," मी म्हटलं. "पण 'तोच' आणि 'पोर' जुळत नाही. इतक्या बायकांसमोर यमक चुकवलंस, मला लाज वाटली. 'तोच' ला 'बोच' घे. मनाला लागली बोच, असं काहीतरी."

तिने कोयता खाली ठेवला. "मावशी, जुळवू कुठून? जे पाहिलं ते सांगितलं."

"काय पाहिलंस?"

"तोच. आपल्याकडे चहा पिऊन गेला तो. तेल विकत होता, शेजारी बायको, तिच्या पाठीला बांधलेलं पोर. मला बघून बुधल्याआड तोंड लपवलं त्याने. मी त्याच्या बायकोलाच विचारलं. ती म्हणाली, यांगांचा चुलतभाऊ आहे हा, त्यांच्या थोरल्यासाठी मुलगी बघायला गेला होता, म्हणजे त्याला पाठवलं होतं. थोरला चाळिशीला आलाय मावशी. त्याची पहिली बायको वर्षाच्या आत माहेरी पळाली. तिचा हात मोडलेला होता, अख्ख्या बाजाराला माहीत आहे ते."

मी तिथेच पाल्यावर बसले. "मेले, तू घरी नाही सांगितलंस?"

"त्याच दिवशी सांगितलं! आईला रडत सांगितलं, तर म्हणते, अगं किती छान, हे उद्या चालीवर म्हण. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, राखून ठेव, मध्यस्थाच्या दिवशी कामाला येईल. मावशी, मी ओरडले की म्हणतात आवाज सुरेख चढवला. मी पाया पडले तर म्हणतात शिकवलंय बघा कसं. मी काय करू आता?"

मी उठले आणि तडक फंगकडे गेले. तो बाकं उचलून ठेवत होता. मी त्याला सगळं सांगितलं, तेलवाला, चुलतभाऊ, मोडलेला हात. सांगता सांगता माझेही डोळे भरून आले. माणूस आहे मी, दगड नाही. तर तो हसायला लागला. "वा वहिनी! आता गुरूने पण साथीला रडायला घेतलं!" आमच्याकडे साथीचं रडणं असतं. मावशा, मैत्रिणी, भावजया नवरीच्या बाजूने तिची गाऱ्हाणी मांडतात. त्याला वाटलं मी तेच करतेय. मी म्हटलं, "फंगभाऊ, मी साथ देत नाहीये, मी खरं सांगतेय." तो म्हणाला, "हो हो, तेही त्यात येतंच." आणि मला धुरवलेल्या मांसाचा तुकडा बांधून दिला. माझा असा संताप झाला, पण तोंडाने काय बोलणार? 'हे खोटं रडणं नाही, खरं आहे' ही ओळसुद्धा मीच शिकवते मुलींना, चौथ्या दिवशी.

तिच्या आईकडे गेले तर ती स्वतःच रडायला बसलेली, लेकीला उत्तर द्यायचं रडणं. ते चालू असताना तिला काही सांगणं म्हणजे वाहत्या पाण्याला सांगणं. मी नदीपलीकडे जाऊन यांगांच्या दारात ओरडून आले असते, पण लग्नघरच्या बाईने महिनाभर नदी ओलांडायची नाही, आणि मी त्या घरची शिकवणारी. ओलांडली असती तर मीच लग्नाला अपशकुन केला म्हणाले असते, आणि माझं बोलणं आणखीच वाऱ्यावर गेलं असतं. नवरदेवाला समोर आणा म्हणावं, तर आमच्याकडे नवरदेव वरातीबरोबर येतच नाही, स्वतःच्या घरी वाट बघत बसतो. श्यांगबाईने सगळं अगदी रीतीत बसवलं होतं. एकदा डोली नदीपार गेली की पोरगी त्याची.

अंथरुणात पडून मी बराच वेळ विचार केला, आणि मग मला माझंच हसू आलं. आयुष्यभर मी मुलींना रडायला शिकवलं होतं. नवरीने रडायचंच नाही, तर काय होतं? हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

सकाळी मी युनहुआला म्हटलं, "डोळे पूस. आता पाण्याचा थेंब काढायचा नाही."

"आणि लोक?"

"बाकीचे दिवस घसा बसलाय म्हणू, मी काढा देत बसते. पण निघायच्या दिवशी यांगांची माणसं समोर असतील, तेव्हा डोळे कोरडे हवेत. आवाज रोजच्यासारखा. डुकरांना पाला घालायला सांगतेस ना, तसा."

"मावशी, मला नाही जमलं तर? मला आता नुसतं बोलायला गेलं तरी रडू फुटतं."

"तुला मी हसणारीला रडवलं," मी म्हटलं, "रडणारीला थांबवणं काय मोठं?" बोलले खरं तोऱ्यात. आतून माझी दातखीळ बसायची वेळ आली होती, पण गुरूने घाबरलेलं दाखवायचं नसतं. आम्ही दोघी डोंगरावर लाकडं आणायला म्हणून जायचो आणि ती उभी राहून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची, चाल न लावता. आवाज चढला की मी काठी आपटायचे. पहिल्यांदा तर तिला वाक्यच पुरं करता येईना.

लग्नाच्या सकाळी डोली आली. सनया, झांजा, यांगांकडची माणसं, पुढे त्यांचा मामा, हातात छत्री, पोट पुढे. अंगणात मुंगीला जागा नव्हती. शेवटचं रडणं सगळ्यात मोठं असतं ना, आणि युनहुआचं म्हटल्यावर लांबलांबची माणसं आली होती. ती माजघरात पूर्वजांसमोर उभी राहिली, लाल कपड्यांत. दोन्ही मुठींत जेवायच्या काड्या. एक मूठ मागे फेकायची, ती माहेरची भरभराट. एक पुढे, ती सासरची. फेकता फेकता असा हंबरडा फोडायचा की सनईवाल्यांनी त्याच सुरात उचलावं, आणि भावाने तिला पाठीवर घेऊन डोलीत बसवायचं.

सनईवाले तयारीत थांबले. युनहुआ गप्प.

"रड ना गं," एक मैत्रीण कुजबुजली. तिच्या आईला वाटलं मुलीला सूर सापडत नाहीये, म्हणून तिने स्वतःच सुरुवात केली, "बाळे गं..." मी तिचं मनगट असं दाबलं की ती कळवळली. "गप्प बस," मी म्हटलं. उभ्या आयुष्यात मी कुणा बाईचं रडणं तोडलं नव्हतं. अंगणातली कुजबुज थांबली. नवरी काड्या घेऊन उभी आहे आणि रडत नाहीये, हे बघून लोकांचे चेहरे उतरायला लागले, घरात कुणी गेलंय की काय असे.

युनहुआने दोन्ही मुठी काड्या देवघरापुढच्या मेजावर नीट ठेवल्या. वळली आणि साध्या आवाजात म्हणाली, "मामा, माझ्या नवऱ्याचं वय काय?"

मामाने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वय? वय काय, तरणाच आहे."

"मला बघायला जो आला होता, त्याला बायको आणि मूल आहे. बाजारात तेल विकतो. मी त्याच्या बायकोशी बोलले. तुमच्याकडे माझी वाट बघतोय तो थोरला. त्याची पहिली बायको हात मोडून घेऊन माहेरी गेली. हे खरं की खोटं, एवढंच सांगा."

आवाज कापला नाही हो तिचा. मागे कुणीतरी सवयीने "वा!" म्हणालं आणि लगेच गप्प झालं.

श्यांगबाई पुढे धावली. "अहो, रडतेय ती! आजकालच्या पोरींची नवी तऱ्हा आहे ही. मध्यस्थाला शिव्याच आहेत या, घेते मी, घेते!"

फंग पुढे आला. शिकलेला नाही तो, सावकाश चालणारा माणूस. त्याने लेकीच्या समोर उभं राहून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग अंगठा तिच्या गालावरून फिरवला. अंगठा वळवून उजेडात धरला. कोरडा.

"ही रडत नाहीये," तो म्हणाला.

तो श्यांगबाईकडे वळला. "आमच्याकडे चहा प्यायला तो कोण होता?"

आणि त्या बाईने काय करावं? बसली की खाली पाय पसरून, रुमाल तोंडाला लावला आणि चालीवर सुरू केलं, मध्यस्थाचं नशीब फुटकं, पायांत काटे, पदरी शिव्या. चाल अगदी बिनचूक. यमकही जुळलं. एरवी मी मान डोलावली असती.

"बोला," फंग म्हणाला. "रडू नका. बोला."

तिला बोलता येईना. मामाने तेवढ्यात छत्री उघडली आणि पाऊस नसताना डोक्यावर धरून निघाला. त्याच्यामागे त्यांची माणसं, झांजा काखेत मारून. डोली रिकामी असल्यामुळे भोई पळतच उतरणीला लागले. डोलीवाल्यांच्या मागे श्यांगबाईही गेली, कपडे सावरत. मध्यस्थीबद्दल तिला दिलेलं डुकराचं मुंडकं फंगच्या धाकट्याने तिच्या घरी जाऊन, कानाला धरून परत आणलं. अर्धं खाल्लेलं होतं. बाकीचं काय नेलं-आणलं ते मग पंचांनी पाहिलं.

अंगण रिकामं झालं. जाता जाता माणसं आमच्याकडे बघत नव्हती. इतके दिवस त्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या होत्या ते त्यांना एकदम कळलं होतं. युनहुआची आई तिला दोन्ही हातांनी धरून बसली होती, सोडतच नव्हती.

फंग उंबऱ्यावर टेकला आणि म्हणाला, "पोरी, इतकं मोठं होतं, तर मला आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगत होते, बाबा," युनहुआ म्हणाली. "तुम्ही बाकं मांडून लोकांना बोलावत होतात."

ती त्याच साध्या आवाजात बोलली. फंगने मान खाली घातली, आणि मी तिथून उठले.